दादा ‘स’चा, ताई ‘स’ची, मग बाळ कशाचं?

दोस्तांनो, तुमच्या घरी सध्या बाळ येणार आहे का? किंवा मावशीकडे, काकांकडे, शेजारच्या वहिनींकडे? मग एक चर्चा तुमच्या कानावर नक्की पडली असेल. थोरल्याचं नाव समीर, मधलीचं सायली, म्हणजे आता येणाऱ्याचं नाव ‘स’वरूनच हवं! आजी म्हणते संकेत, काका म्हणतात सुजय, आणि आत्या फोनवरून बजावते, “मुलगी झाली तर सानिका. आधीच सांगून ठेवते हं!” तिचा तो मानच असतो. बाराव्या दिवशी बारसं होतं, बाळाला पाळण्यात घालतात आणि आत्या त्याच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते. त्या वेळी तिच्या पाठीत बसणारे धपाटे हा तिचाच प्रश्न. घुगऱ्या मात्र सगळ्यांना मिळतात.

आता तुम्ही म्हणाल, या मोठ्यांच्या भानगडीत आमचं काय काम? पुष्कळ काम आहे. त्या बाळाला दिवसातून पन्नास हाका कोण मारणार? तुम्ही. शाळेत, मैदानावर, लग्नाकार्यात त्याचं नाव कुणाच्या नावाला जोडून घेतलं जाणार? तुमच्याच. तेव्हा या चर्चेत तुम्ही तोंड उघडलंच पाहिजे. पण त्याआधी थोडी माहिती गोळा करू या.

भावंडांची नावं एका अक्षरावरून ठेवण्याची हौस का वाटते, ते समजणं अवघड नाही. कानाला ती गोड लागतात. मराठीच्या तासाला तुम्ही अनुप्रास अलंकार शिकता ना, तोच हा घरगुती अनुप्रास! शिवाय अमोल, अमित, अमृता अशी नावं ऐकली की न सांगता कळतं, ही एकाच घरची मुलं. आईबाबांनाही वाटतं, आपण सगळ्यांना सारखंच मानलं. यात वाईट काहीच नाही. पण गंमत अशी, की ही हौस आजची नाही. पार महाभारतापासूनची आहे.

शंभरातले किती आठवतात?

धृतराष्ट्राच्या मुलांची नावं सांगा बरं. दुर्योधन, दुःशासन... आणि पुढे? पुढे गाडी अडली ना? पुढची नावं अशी आहेत : दुःसह, दुःशल, दुर्मुख, दुर्मर्षण, दुष्कर्ण. शंभरांतल्या बऱ्याच नावांची सुरुवात ‘दु’नं होते. त्यांच्या एकुलत्या एका बहिणीचं नावसुद्धा दुःशला. दुःशल भाऊ आणि दुःशला बहीण! त्या राजवाड्यात गांधारीनं जेवायला हाक मारली की किती जण उठून येत असतील, विचार करा.

आता पांडव घ्या. युधिष्ठिर, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव. पाच भाऊ आणि पाच निराळी अक्षरं. तुमच्या धाकट्या बहिणीलाही ती पाठ असतील. पांडव पाचच होते आणि गोष्टीत त्यांचं काम मोठं आहे, म्हणून ते लक्षात राहतात, हे खरंच. पण कौरवांमधला आणखी एक जण पुष्कळांना आठवतो. भर सभेत द्रौपदीची बाजू घेऊन उभा राहिलेला विकर्ण. तो आठवतो त्याच्या धाडसामुळे, पण त्याचं नाव त्या ‘दु’च्या गर्दीत हरवत नाही, हेही आहेच.

त्याच महाभारतात काशीच्या राजाच्या तीन मुली आहेत. अंबा, अंबिका आणि अंबालिका. धृतराष्ट्राची आई यांतली कोणती आणि पांडूची कोणती? गोंधळलात ना? (धृतराष्ट्राची अंबिका, पांडूची अंबालिका.) अंबेची गोष्ट तर या दोघींहून अगदीच वेगळी. भीष्मांवर सूड घ्यायला तिनं पुढे शिखंडीच्या रूपानं जन्म घेतला. एवढं मोठं आयुष्य, पण नाव मात्र बहिणींच्या नावांत मिसळून गेलेलं.

असाच प्रकार दूर इंग्लंडात अकराशे वर्षांपूर्वी झाला. वेसेक्स नावाच्या राज्यात एका राजाची चार मुलं एकामागून एक गादीवर बसली. एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड आणि आल्फ्रेड. ‘एथेल’ म्हणजे थोर कुळातला. त्या काळच्या लिपीत चौघांच्याही नावाचं पहिलं अक्षर एकच होतं, आपल्या ‘अ’ आणि ‘ए’ यांच्या मधल्या उच्चाराचं. भावांना, बापलेकांना एका अक्षराची नावं देणं ही तिथल्या राजघराण्याची रीतच होती. आज सगळं जग ओळखतं ते धाकट्या आल्फ्रेडला. पहिले तिघे इतिहासाचे विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात आणि तेही उलटसुलट.

आणि आपल्याच काळातला अमेरिकेचा मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन! जगज्जेता माणूस. त्यानं आपल्या पाचही मुलांची नावं जॉर्जच ठेवली. एका मुलीचं नाव जॉर्जेटा. एक अक्षर कशाला, अख्खं नावच वाटून टाकलं. मग घरात हाक मारायला प्रत्येकाला टोपणनाव शोधावं लागलं.

आई नावं का चुकते?

तुमची आई तुम्हाला हाक मारताना आधी ताईचं नाव घेते, मग दादाचं आणि तिसऱ्या फेरीत तुमच्यापर्यंत पोचते, असं होतं का? तुम्ही रुसता. “मी तुला आठवतच नाही का?” असं म्हणता. तर आईच्या बाजूनं शास्त्रज्ञ उभे आहेत, बरं का!

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या झेंझी ग्रिफिन आणि थॉमस वँगरमन यांनी २०१३ मध्ये याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांनी मुलांनाच विचारलं, तुमचे आईवडील तुम्हाला भावंडांच्या नावानं किती वेळा हाक मारतात? उत्तरांतून दिसलं, की भावंडांची नावं आवाजाला सारखी असली की अशी अदलाबदल जास्त वेळा होते. पुढे २०१६ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या समँथा डेफलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतराशेहून अधिक लोकांकडून माहिती गोळा केली. त्यांना दिसलं, की माणूस नावं चुकतो तीसुद्धा हिशेबानं. घरच्या माणसाला घरच्याच दुसऱ्या माणसाचं नाव जातं आणि मित्राला मित्राचं. म्हणजे आपल्या डोक्यात घरच्या मंडळींचा जणू एक वेगळा कप्पा असतो आणि घाईत हात घातला की शेजारचं नाव हाताला लागतं. नावांची सुरुवात किंवा शेवट सारखा असेल तर ही चूक आणखी सोपी होते. चेहरे सारखे असण्याचा मात्र तिच्याशी फारसा संबंध दिसला नाही. आणि एक मजा म्हणजे कुत्र्याचं नाव घेऊन मुलांना हाक मारणारे लोक या पाहणीत सापडले. मांजराचं नाव घेणारे मात्र फार क्वचित!

तेव्हा आई तुम्हाला टॉमी म्हणाली तर रागावू नका. तुम्ही आणि टॉमी, दोघेही तिच्या घरच्याच कप्प्यात आहात.

पण यातून नाव ठरवताना एक गोष्ट घेण्यासारखी आहे. हाक मारताना नावाचा पहिला तुकडा सगळ्यात आधी कानावर पडतो. गॅसवर दूध उतू चाललंय, आई ओरडते, “अमि...” आता अमित धावणार की अमिता? दोघंही धावतील किंवा दोघंही म्हणतील, ‘मला नाही, त्याला बोलावलं.’ (दुसरी शक्यता जास्त, असा आमचा अंदाज.) याउलट समीर आणि सुप्रिया यांत अक्षर एकच असलं तरी ‘स’ आणि ‘सु’ कानाला लगेच वेगळे लागतात. म्हणजे एक अक्षर घ्यायचंच असेल, तर निदान पुढची काना-मात्रा आणि नावाची लांबी वेगळी असलेली बरी.

चार शब्दांतले तीन सामाईक

आता जरा आपल्या मराठी पद्धतीकडे पाहा. आपण पूर्ण नाव कसं लिहितो? स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. यातली शेवटची दोन सगळ्या भावंडांची एकच. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नावही आलं, आणि चांगलंच झालं. क्रम असा : मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. समजा, समीर सुनीता रमेश पाटील आणि सायली सुनीता रमेश पाटील. चार शब्दांतले तीन सामाईक! ज्याला ‘माझं एकट्याचं’ म्हणता येईल असा शब्द एकच उरला, आणि त्याचंही पहिलं अक्षर आपण वाटून घेतलेलं. दोघांची आद्याक्षरं लिहून पाहा. स. सु. र. पाटील आणि स. सु. र. पाटील. वह्यांवर, डब्यावर, औषधाच्या बाटलीवर, कुरियरच्या पाकिटावर ओळखायचं कसं? खोकल्याचं औषध धाकट्याचं की थोरल्याचं, ही काही गमतीची बाब नाही. तिथे पूर्ण नावच लिहायची सवय लावावी लागेल.

तमिळनाडूत पुष्कळ घरांत उलट पद्धत आहे. तिथे वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर घेतात आणि आपलं नाव पूर्ण लिहितात. बुद्धिबळातली आर. वैशाली आणि आर. प्रज्ञानंद ही भावंडं तुम्हाला माहीत असतील. दोघंही ग्रँडमास्टर असलेली ही जगातली पहिली बहीणभावांची जोडी. त्यांचा तो ‘आर’ म्हणजे वडिलांचं नाव, रमेशबाबू. सामाईक काय, तर एक अक्षर. बाकी नाव ज्याचं त्याचं.

आणि ‘एकच अक्षर’ म्हणजे नक्की कोणत्या भाषेतलं, हेही आधी ठरवा. शर्वरी आणि समीर मराठीत एका अक्षराचे नाहीत, पण इंग्रजीत दोघंही ‘एस’चे. क्षितिज, कौस्तुभ आणि खंडेराव हे तिघे इंग्रजीत ‘के’च्या बाकावर येऊन बसतात. ज्ञानदा कुणी ‘डी’नं लिहितं, कुणी ‘जी’नं. ऋतुजा ‘आर’ची की ‘एच’ची, यावर तर एकाच वर्गातल्या दोन ऋतुजांचं एकमत नसतं! आम्हाला विचाराल तर आपलं अक्षर मराठीतलंच धरावं. हाक आपण मराठीतच मारतो.

चंद्राला विचारून पाहा

काही घरांत पंचांग पाहून नावाचं अक्षर काढतात. त्याला नावरस नाव म्हणतात. नक्षत्रं सत्तावीस, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ चरण. प्रत्येक चरणाला एक अक्षर नेमून दिलेलं. बाळ जन्मलं तेव्हा चंद्र ज्या चरणात असेल, ते त्याचं अक्षर. चंद्राला सगळी नक्षत्रं फिरून यायला साधारण सव्वासत्तावीस दिवस लागतात. वही काढा आणि भागाकार करा. एका चरणाला साधारण सहा तास येतात.

आता समीर-सायलीच्या घरी पुन्हा ‘स’च हवा असेल तर? ‘सा, सी, सू’ ही अक्षरं शततारकेत येतात आणि ‘से, सो’ पूर्वाभाद्रपदेत. पाच चरण म्हणजे तीस तास. सत्तावीस दिवसांत फक्त तीस तास! बाळ नेमकं त्याच सवा दिवसात जन्मायला हवं. त्यात हस्त नक्षत्राच्या एका चरणाला ‘ण’ आहे, आर्द्रेच्या एका चरणाला ‘ङ’ आणि उत्तराभाद्रपदेच्या एका चरणाला ‘ञ’. या अक्षरांवरून सुरू होणारं एक तरी नाव सांगा पाहू! म्हणूनच बरीचशी घरं नावरस नाव पत्रिकेत ठेवतात आणि हाकेचं नाव आपल्या आवडीचं निवडतात. अक्षर जुळलं नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही.

जुळवायचंच, तर आणखी काय जुळतं?

सुरुवात जुळवण्याऐवजी शेवट जुळवणारेही पुष्कळ. सुरेश, रमेश, महेश, आरती, भारती, शबाना, रिझवाना, फरजाना. हे झालं यमक. रवींद्रनाथ टागोरांच्या भावांची नावं पाहा : द्विजेंद्रनाथ, सत्येंद्रनाथ, हेमेंद्रनाथ, ज्योतिरिंद्रनाथ. शेपूट सगळ्यांचं सारखं, तोंड निराळं. मंगेशकर भगिनी घ्या. लता, मीना, आशा, उषा. चारही नावं दोन-दोन अक्षरांची, शेवटी ‘आ’, आणि पहिली अक्षरं मात्र चार वेगळी. हाक मारायला किती सोयीची!

अर्थानं जुळलेली नावं आम्हाला सगळ्यांत जास्त आवडतात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या मुलांपैकी दोघांची नावं दिनकर आणि भास्कर. दोन्ही नावं सूर्याची. पुण्यात प्लेगच्या काळात रँडसाहेबाच्या वधानंतर फासावर गेलेले चापेकर बंधू म्हणजे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव. तिन्ही नावं कृष्णाची. आणि सगळ्यांवर ताण म्हणजे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. निवृत्ती म्हणजे मोहातून बाहेर पडणं, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना, आणि शेवटी मुक्ती. चार नावांचा मिळून एक रस्ता तयार होतो. अक्षर एकाचंही दुसऱ्याशी जुळत नाही.

भावंडांकडे पाहून ठेवलेलं नाव नेहमीच कौतुकाचं असतं असं मात्र नाही. पूर्वी मुलं जगत नसत, तेव्हा आधीची भावंडं गेलेल्या घरी नव्या बाळाला धोंडू, दगडू, केरू अशी नावं ठेवत. नाव ओबडधोबड असलं की बाळाला दृष्ट लागणार नाही, अशी समजूत. त्यात निदान बाळाची काळजी होती. पण ‘नकुशी’? एकीपाठोपाठ एक मुली झाल्या, आता आणखी नको, म्हणून धाकटीचं नावच ‘नको असलेली’! अशा मुली शाळेत जात होत्या, हजेरीला रोज त्या नावाला ओ देत होत्या. सातारा जिल्हा परिषदेनं अशा मुली शोधून काढल्या आणि ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. काही जणींनी आपलं नाव स्वतःच निवडलं. त्या मुलींचं जुनं नाव म्हणजे मोठ्या बहिणींवरचा आईबापांचा राग होता. त्यात तिचं स्वतःचं असं काहीच नव्हतं.

म्हणून एक अक्षर ठरवतानाही येणाऱ्या बाळाचा विचार आधी करायचा. पहिल्या दोघांना छान-छान नावं मिळाली आणि तिसऱ्याच्या वेळी त्या अक्षराची चांगली नावंच संपली, म्हणून उरलेलं कुठलंतरी त्याच्या गळ्यात घातलं, असं होता कामा नये. ‘स’, ‘अ’, ‘प’ या अक्षरांची नावं भरपूर. पण थोरल्याचं नाव यश, मधलीचं यामिनी, आता तिसऱ्याला काय, यदुनाथ? आवडलं तर जरूर ठेवा. पण फक्त ‘य’ आहे म्हणून नको. आणि दोघं ‘य’चे असताना तिसरा ‘क’चा निघाला तर तो परका होत नाही. पुढे त्यानं विचारलंच, “माझंच वेगळं का?” तर त्याला ते का आवडलं होतं हे सांगता यावं, म्हणजे झालं.

नाव ठरवायची घाई करायची तर मुळीच गरज नाही. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते, पण त्या वेळी नाव ठरलं नसेल तर नोंद नावाशिवायही होते. नंतर वर्षभरात नाव घालायला पैसे पडत नाहीत. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येतं. अर्थात पंधरा वर्षं थांबू नका! बाळ स्वतःच वाद घालायला लागेल.

मधल्या काळात तुमचं काम सुरू. पसंतीची तीन-चार नावं मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा आणि दिवसभर उशीला त्या नावांनी हाका मारा. गच्चीवरून खाली, स्वयंपाकघरातून बाहेर, लाडानं, चिडून, घाईघाईनं. प्रत्येक वेळी पाठोपाठ तुमचंही नाव घ्या आणि घरातले कुठे अडखळतात ते टिपून ठेवा. नावाचं लघुरूप काय होईल ते पाहा. आणि शाळेत त्या नावावरून कसं चिडवतील, हे मोठ्यांना अजिबात सुचत नाही, तुम्हाला मात्र दोन मिनिटांत सुचेल. ते नाव ठरायच्या आधीच सांगून टाका. लाजू नका.

आणि हो, आजीला एकदा विचाराच, तुमच्या बारशाच्या वेळी यादीत आणखी कोणकोणती नावं होती. शेवटच्या क्षणी कुणी कुणाचं नाव खोडलं, याच्या गोष्टी घरोघरी असतात, आणि आज्यांना त्या तारखेसकट आठवतात.